गाडीची कवळी

आमच्या आळीत एका गाडीला कवळी होती. असं म्हटलं की नवा माणूस माझ्याकडे जरा चमकून बघतो, म्हणून आधीच सांगून टाकते, माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कवळी हा शब्द माझा नव्हे. तो आप्पा डॉक्टरांचा. आप्पा म्हणजे रत्नागिरीतले जुने दातांचे डॉक्टर. अर्ध्या गावाच्या तोंडात त्यांचा हात जाऊन आलेला. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये कमरेइतका चिऱ्यांचा गडगा, त्यामुळे पलीकडे काय शिजलं आणि काय करपलं हे मला न विचारता कळायचं. कचेरीतून घरी आले की माझा पहिला चहा घरात आणि दुसरा गडग्यावर. पलीकडून बोलायला आप्पा, नाहीतर माई, त्यांची बायको. आप्पा आता नाहीत. गडगा आहे, चहा आहे, माई आहेत.

आप्पा उंच, किडकिडीत, आणि शेवटपर्यंत स्वतःच्या बत्तिशीचे मालक. बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघायचे नाहीत, तोंडात बघायचे. मी साहेबाची काही गंमत अगदी रंगात येऊन सांगत असायची, आणि हे मान तिरकी करून म्हणायचे, "शुभे, ती उजवीकडची दाढ दाखवून जा हो एकदा." गंमत गेली खड्ड्यात. लग्नाला गेले की मांडवात बसून व्याह्यांपासून भटजींपर्यंत सगळ्यांच्या दातांचा अंदाज घ्यायचे आणि येताना माईला सांगायचे, "मुलगा चांगला आहे. अक्कलदाढ वाकडी आहे, पण मुलगा चांगला आहे." कुणी ऊस दातांनी सोलताना दिसला तर रस्ता ओलांडून जाऊन त्याच्या हातातून काढून घ्यायचे. ओळख असो नसो.

वय झालं की माणसं देवधर्माला लागतात, आप्पा गाडीला लागले. पुण्यात कुणाच्या तरी गोठ्यात वर्षानुवर्षं पडलेली विलायती दोन माणसांची उघडी गाडी त्यांना मिळाली आणि ती ट्रकवर चढून आमच्या आळीत आली. बसकी, लांब नाकाची, रंग एकेकाळी हिरवा असावा. माई ओचा खोचून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "उरलेली गाडी मागच्या ट्रकने येत्येय काय?"

माई म्हणजे आंब्याच्या बाई. गावाबाहेर त्यांची हापूसची कलमं होती आणि मोहोरापासून पेटीपर्यंत सगळा कारभार माईंचा. आप्पांनी फक्त खायचे आणि खाल्ल्यावर चूळ भरा म्हणून सगळ्यांना सांगायचं. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, कोणाला न भिणाऱ्या. भीत होत्या त्या फक्त वाऱ्याला. डाव्या कानाचं मोठं ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून कानाला जरा वारा लागला की दोन दोन दिवस ठणका. एस.टी.त सुद्धा कापूस घालून, वर स्कार्फ बांधून, खिडकीपासून लांब बसायच्या.

"टप आहे, तो दिसतोय," माई म्हणाल्या. "काचा कुठेत?"

"हिला काचा नसतात गो. काढत्या-घालत्या खिडक्या असतात. हव्या तेव्हा लावायच्या, नको तेव्हा काढून ठेवायच्या. त्या हरवल्यायत."

"मग मी काही ह्यात बसायची नाही. माझा कान माहीत आहे तुम्हाला."

आप्पांनी दाराच्या वरच्या कडेवरून हात फिरवला. तिथे प्रत्येक दाराला दोन-दोन भोकं होती, खिडकीच्या खुंट्या बसायची. त्यांनी एका भोकात करंगळी घातली, फिरवली, आणि त्यांचा चेहरा एकदम दवाखान्यातला झाला. "दात पडलेत," म्हणाले, "पण हिरड्या शाबूत आहेत. कवळी बसेल." मग माईकडे वळून म्हणाले, "तुझ्या कानाला झुळूक लागायची नाही अशा खिडक्या बसवीन. आणि ह्याच गाडीतून तुला आंजर्ल्याला नेईन."

आंजर्लं हे माईंचं माहेर. लग्नानंतर माई तिथे एस.टी.ने गेल्या, भाड्याच्या गाडीने गेल्या, भाच्याच्या लग्नाला टेंपोत बसूनसुद्धा गेल्या. पण नवऱ्याने स्वतः चालवून नेलंय असं कधी घडलं नव्हतं. दवाखाना कधी बंद ठेवायचे नाहीत आप्पा. सणाला ठणका लागलेला माणूस दारात उभा राहिला तर काय करायचं, हा त्यांचा जन्मभराचा सवाल. तेव्हा हे वचन काय वजनाचं आहे हे माईंना बरोबर कळलं असणार. तोंडाने मात्र एवढंच म्हणाल्या, "बघू."

ते 'बघू' पुढे बरीच वर्षं चाललं.

खिडक्या काही बाजारात मिळण्यातल्या नव्हत्या. त्या करायच्या होत्या. पण दाराचा पत्रा बाकदार, भोकं तिरकी, आणि लेथवाल्याने केलेल्या खुंट्या काही केल्या बसेनात. एका रविवारी आप्पांनी गडग्यावरून हाक मारली. जाऊन बघते तो दवाखान्यातली गुलाबी पूड, जबड्याचं माप घेतात ती, रबरी वाटीत पाणी घालून कालवतायत. "दार धर," म्हणाले, "आणि हलवू नको. सेट होईपर्यंत थांबायचं." मी धरलं. त्यांनी तो गुलाबी गोळा भोकात भरला, वरून अंगठ्याने निगुतीने दाबला, आणि सवयीने गाडीला म्हणाले, "नाकाने श्वास घ्या. झालंच हो, झालंच."

माई पायरीवर बसून सुरंगीचे गजरे ओवत होत्या. "चूळ भरायला भांडं आणू काय तिला?" त्यांनी विचारलं.

त्या मापावरून प्लॅस्टरचा साचा झाला. तो हातात घेऊन लेथवाल्याने उलटा केला, सुलटा केला आणि हलक्या आवाजात विचारलंन, "डॉक्टर, हा पेशंट आहे तरी कोण?"

पण खुंट्या बसल्या. टक्कन् बसल्या. मग अल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून चौकटी वाकवून आणल्या. पावसाळ्यात रिक्षांना पडदे लावतात त्यातलं जाड पारदर्शक प्लॅस्टिक घेतलं, आणि रिक्षांचे पडदे शिवणाऱ्याकडूनच ते कॅनव्हासच्या काठासकट शिवून घेतलं. खिडकी तयार. आता ती वारा अडवते की नाही हे बघायचं कोणी? माईवर प्रयोग करायचा नाही, तो कान पणाला लावायचा नाही, असं आप्पांचं ठरलेलं. म्हणून कान माझा. माझ्या डाव्या कानाची पाळी पाण्याने ओली करायचे, म्हणजे झुळूक लगेच कळते, आणि मला माईंच्या जागी बसवून भाट्याच्या पुलावरून न्यायचे. पुलावर खाडीचा वारा म्हणजे काय विचारता! "लागला?" ते ओरडायचे. "लागला!" मी ओरडायची. परत आले की चौकटीची कड जरा वाकवायची, कॅनव्हासची पट्टी बदलायची, पुन्हा पुढच्या रविवारी माझा कान ओला. आळीतल्या बायका मला विचारायला लागल्या होत्या, कानाला काय झालंय गो तुझ्या म्हणून.

एका पावसाळ्यात कॅनव्हास आटलं, पुढच्या हिवाळ्यात पुढच्या कोपऱ्याला बोटभर फट राहिली, आणि वारा नेमका तिथूनच कानावर. माई 'बघू'वरून हलल्या नाहीत. आप्पाही चिडले नाहीत. कवळी पहिल्या दिवशी कुणालाच बसत नाही, ती घासून घासून बसवावी लागते, असं म्हणायचे. त्यांच्या दवाखान्यातही हेच चालायचं. मांडवीची एक मासे विकणारी बाई होती, हौसाबाई. तिने कवळी करून घेतली आणि ती कनवटीला लावून ठेवली. फक्त लग्नाकार्याला घालायची. आप्पा रागावले तर म्हणाली, "डाक्टर, तुमची गाडी नाय काय, तशीच मी पन. रोज तोंड उघडा टाकून फिरायचा, न् पावना इला का दात लावायचा." आप्पांना हे इतकं आवडलं की तेव्हापासून खिडक्या बसवणं म्हणजे 'दात लावणं' झालं.

दात लावण्याचा त्यांचा विधी मला अजून पाठ आहे. आधी टप चढवायचा, खिडक्या नंतर. दार सताड उघडं. मागची खुंटी आधी, पुढची नंतर, आणि दोन्ही तळाशी पोचेपर्यंत नटाला हात लावायचा नाही. जोर केलात तर खुंटी वाकते, पत्रा फाटतो. "बसवायची, दाबायची नाही," हे त्यांचं वाक्य. कवळीवाल्या म्हाताऱ्यांना, गाडीला, आणि एकदा मला सुद्धा, माझं आणि माझ्या सुनेचं वाजलं होतं तेव्हा, त्यांनी हेच सांगितलं होतं. मी म्हटलं, "आप्पा, सून म्हणजे काय कवळी आहे?" तर म्हणाले, "नाही. पण तुझा अंगठा फार जोरात आहे."

काढून ठेवण्याची शिस्त तर त्याहून कडक. पुढची खुंटी आधी सैल, मागची नंतर. ओल्या मऊ फडक्याने पुसायचं, सुक्याने नाही, सुक्या फडक्याखाली धुळीचा कण सापडला की ओरखडा आलाच. मग सावलीत वाळवायच्या. मग गोधडीच्या पिशवीत. ती पिशवी मी शिवली होती, माईंच्या दोन जुन्या लुगड्यांची, आत एक मऊ पदर सोडलेला, म्हणजे दोन खिडक्या एकमेकींना घासत नाहीत. खुंट्या बाहेरच्या अंगाला. पिशवी उभी ठेवायची, आडवी टाकायची नाही आणि वर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू म्हणालं कोणी तर आप्पा त्याच्याकडे ऊस सोलणाऱ्याकडे बघावं तसे बघायचे. आमच्या हवेत चार दिवसांत बुरशी धरेल.

आणि मग आप्पांचा हात थरथरायला लागला.

आधी चहाच्या बशीत कळलं, मग सगळ्यांनाच. आप्पांनी कोणी सांगायच्या आत दवाखाना बंद केला. "दुसऱ्याच्या तोंडात थरथरता हात घालायचा नाही," म्हणाले, आणि किल्ली एका तरुण डॉक्टरच्या हातात ठेवून घरी आले. जेवले, झोपले. पण गाडीचं काय? त्यांचा मुलगा अजित चिपळूणला असतो, शाळेत शिकवतो, बापासारखाच शांत. तो आला आणि गडग्याशी माझ्यासमोरच म्हणाला, "आप्पा, आता चालवणं बंद करा."

आप्पांनी खिशातून गाडीची किल्ली काढून बघितली. मग म्हणाले, "डॉक्टरने ह्या मेपर्यंत हरकत नाही म्हटलंय, हळू चालवली तर. मे महिन्यात एकदा तुझ्या आईला आंजर्ल्याला नेतो. तिथे पोचलो की किल्ली तुझी. मग पुन्हा मागायचा नाही."

अजितने आईकडे बघितलं. माईंनी ह्या वेळी 'बघू' म्हटलं नाही. "आंबा एकदा उतरू दे," म्हणाल्या, "मग जाऊ." मला तर तिथल्या तिथे भरून आलं. इतक्या वर्षांनी हो म्हणाल्या होत्या, आणि त्या हो म्हणण्याला मेअखेरची मुदत होती.

आता ऐका, शहाणी माणसं काय करतात ते. मे महिना म्हणजे माईंच्या घरी मुंबईची पोरं, पेट्या, खोकी, सगळीकडे गलका. खिडक्या तोवर अगदी तंतोतंत बसल्या होत्या, माझ्या ओल्या कानाला पुलावर झुळूकसुद्धा लागत नव्हती. आप्पांना रात्रंदिवस धास्ती, कोणी पाय देईल, कोणी बसेल. गोधडीची पिशवी नाडी तुटली म्हणून माझ्याकडे आलेली. तेव्हा त्यांनी विचार केला, ह्या घरात अशी जागा कुठली की जिथे माईंच्या परवानगीशिवाय माशीसुद्धा शिरत नाही? आढीची खोली. कोकणात राहणाऱ्यांना सांगायला नको, आढी म्हणजे भाताच्या पेंढ्यात आंबे पिकत घालतात ती. पेंढा, आंबे, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. आत हात घाला, कोंबडीच्या पोटाखाली घातल्यासारखी ऊब लागते. आप्पांनी खिडक्या एका मऊ पंच्यात गुंडाळल्या, खोलीच्या कोपऱ्यात नियमाप्रमाणे उभ्या केल्या, वरून पेंढा लावला, आणि निर्धास्त झाले. माईंना सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी माल जास्त आला. माईंनी कोपऱ्यातला पेंढा ओढून आढी वाढवली. त्याबरोबर खिडक्या सरकून आडव्या झाल्या, त्यांच्यावर पेंढा पसरला, आणि त्यावर माईंनी निवडक हापूस मांडला. दोन थर.

आठवड्याने फळं परतायला माई आत गेल्या आणि त्यांचा आवाज पार आमच्या न्हाणीघरात ऐकू आला. "अहो! इकडे या आधी! आढीत काय पुरून ठेवलंयत?"

मी हातातला तांब्या टाकून धावले. दोन्ही खिडक्या खळ्यात उन्हात आणून ठेवलेल्या. प्लॅस्टिक ऊब लागून मऊ झालेलं, वरून आंब्यांचं वजन, आणि आता सगळ्या खिडकीभर आंब्यांचे खळगे. अगदी एकेक फळ ओळखू यावं असे, देठाच्या टोकासकट. एका बाजूला खुंट्या लागून फुटलेले आंबेही होते, त्यावर माशा घोंगावत होत्या.

"उभ्या ठेवल्या होत्या मी!" आप्पांचा आवाज कधी नव्हे तो चढला.

"मला सांगितलंत? आढी काय तुमचं कपाट आहे? माझा पहिल्या प्रतीचा माल हा!"

"आणि माझ्या खिडक्या?"

"तुमच्या खिडक्या माझ्या आंब्यांवर पडल्या, माझे आंबे नाही गेले तुमच्या दवाखान्यात!"

तीन दिवस त्या घरात बोलणं गडग्यावरून चाललं. "शुभे, त्यांना सांग, जेवण वाढलंय." "शुभे, तिला सांग, भूक नाही." मी म्हटलं, मला काय आता टपालखात्यात नोकरी करायची आहे का? पण हसू येईना. कारण पडदे शिवणाऱ्याकडे मी जाऊन आले होते. पावसाळा तोंडावर, रत्नागिरीतल्या सगळ्या रिक्षा त्याच्या दारात रांगेला, आणि जून उजाडेपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते आपल्या हाताकडे बघत बसले. म्हणाले, "राहिलं मग." एवढंच. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या तोंडून कुठलीही गोष्ट 'राहिली' असं मी कधी ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी माई खळ्यात आल्या, एक खिडकी उचलली, आणि चष्म्यासारखी डोळ्यांसमोर धरून गडग्याकडे बघितलं. मी चहा पीत उभी होते.

"शुभे," त्या म्हणाल्या, "तुला गालगुंड झालंय."

आणि हसायला लागल्या. मी गडग्यावरून उडी मारून गेले, ह्या वयात, आणि दुसरी खिडकी धरून त्यांच्याकडे बघितलं. माईंचं नाक एका हापूसमध्ये सापडून बशीएवढं झालं होतं. आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. आवाज ऐकून आप्पा बाहेर आले. माईंनी त्यांना खिडकीतून आपादमस्तक न्याहाळलं आणि थेट त्यांच्याशी बोलल्या, तीन दिवसांनी.

"ह्याच लावा. वारा अडवतायत ना? मग झालं. मला कान सांभाळायचाय, फोटो नाही काढायचा."

निघालो. पुढे आप्पा आणि माई त्या गाडीत, दात लावून, मागे अजितच्या गाडीत तो आणि मी, डबे घेऊन. अजितने मागे राहायचं हे त्याचं ठरलेलं, आणि मी यायचं हे माईंचं. जयगडला फेरीबोट, मग गुहागरचा रस्ता, मग धोपाव्याहून दाभोळची बोट. आप्पा सायकलवाल्याने मागे टाकावं इतके हळू. अजित नुसता पुढच्या गाडीच्या चाकांकडे बघत होता.

दाभोळच्या बोटीवर गाड्या लागल्या आणि पुढच्या गाडीचं दार उघडलं. माई बाहेर. घामाने थबथबलेल्या. "काढा हो ह्या खिडक्या," त्यांचा आवाज बोटीच्या इंजिनावरून आला.

आप्पा घाबरले. "का? वारा लागला?"

"कुठचा वारा! वारा नाही, काही नाही, एवढीशी झुळूक नाही. पण मला काही दिसत पण नाही. माड बघावे तर पोटं सुटलेले. आता इथून पुढे माझा मुलूख. मला तो सरळ बघायचाय. कापूस आहे, स्कार्फ आहे, तासाभराने काही मरत नाही मी."

आप्पांनी काढल्या. पुढची खुंटी आधी, मागची नंतर. ओल्या फडक्याने पुसल्या, गोधडीच्या पिशवीत घातल्या, पदर मध्ये, खुंट्या बाहेर, आणि पिशवी सीटच्या मागे उभी केली. इतकी वर्षं खपून केलेलं काम बायकोने काढायला लावलं म्हणून रागावले असतील असं मला वाटलं. कसले! बोट सुटली तेव्हा शीळ घालत होते. आणि मग दापोलीपासून खाली माईंची मान जी चालली, डावीकडे, उजवीकडे, हात बाहेर काढून दाखवतायत, हे अमक्याचं घर, ती तमक्याची बाग. मागून आम्हाला शब्द ऐकू येत नव्हता, नुसता हात दिसत होता.

आंजर्ल्याच्या खाडीवरचा पूल आला आणि पुढची गाडी कडेला थांबली. "बंद पडली," अजित म्हणाला आणि उतरला. मीही उतरले.

बंद पडली नव्हती. माई रस्त्यात उभ्या राहून पिशवीची नाडी सोडत होत्या. "माहेरी ह्या लावूनच जायचं," त्या आप्पांना म्हणत होत्या. "दिसू दे सगळ्यांना, तुम्ही माझ्यासाठी काय केलंयत ते."

आप्पांनी डावी खिडकी घेतली, दार उघडलं आणि मागची खुंटी भोकावर धरली. सकाळपासून चाक धरून हात दमलेले. खुंटी भोकाच्या काठावर टकटक वाजायला लागली. आत जाईना. पुन्हा धरली, पुन्हा टकटक. अजित पुढे व्हायला लागला, मी त्याचा शर्ट मागून धरला. माईंनी आप्पांच्या हातावर आपला हात ठेवला, नुसता ठेवला, आणि म्हणाल्या, "मागची आधी. बसवायची, दाबायची नाही."

थरथर थांबली नाही. पण खुंटी गेली. मग पुढची गेली. माईंनी दोन्ही नट स्वतः फिरवले, दार हळूच लावलं, मग पलीकडे जाऊन उजवी खिडकी. एकही पायरी चुकली नाही. इतकी वर्षं पायरीवर बसून गजरे ओवता ओवता ही बाई सगळं बघत होती. आप्पांनी बाही डोळ्यांना लावली. घाम पुसत होते म्हणे.

मेच्या रणरणत्या दुपारी, खिडक्या बंद करून, आत शिजून निघत, ती दोघं आंजर्ल्यात शिरली. माईंच्या माहेरचं सगळं घर अंगणात. भावजयीने खिडकीवरून बोट फिरवत विचारलं, "वन्सं, हे फोड कसले?" माई म्हणाल्या, "ते आमचे हापूस. आणि खिडक्या माझ्या कानासाठी केल्यायत ह्यांनी." दुसऱ्या दिवशी कड्यावरच्या गणपतीला पाया पडून उतरताना आप्पांनी किल्ली अजितच्या खिशात टाकली. पुन्हा कधी मागितली नाही.

प्लॅस्टिक नंतर बदलता आलं असतं. माईंनी बदलू दिलं नाही.

पुढच्या वर्षीच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले आणि मी परत यायच्या आत आप्पा गेले, झोपेतच. तेव्हा माझ्यापुरते आप्पा आहेत ते त्या दसऱ्याच्या सकाळचे. गाडी पुसून खळ्यात काढलेली, नाकावर झेंडूची माळ. पूजेच्या दिवशी गाडीने दात लावलेच पाहिजेत, हा घरचा नेम. आप्पा खुर्चीत बसून सांगत होते आणि माई लावत होत्या. "मागची आधी." "माहित्येय." "जोर करू नको." "माहित्येय हो!" मी आपट्याची पानं घेऊन गडग्यापाशी आले तोवर खिडक्या लागल्या होत्या आणि दोघंही आत जाऊन बसली होती. माई चाकामागे. माईंना गाडी चालवता येत नाही. आप्पा डावीकडे, माईंच्या जागेवर.

मी हाक मारली. त्यांना कळली नाही. माई चाकावर दोन्ही हात ठेवून काहीतरी सांगत होत्या, बरंच काही, हातवारे करून. आप्पांचा चेहरा एका मोठ्या आंब्यात आला होता, त्यामुळे दाढ सुजल्यासारखा एक गाल फुगलेला. ते ऐकत होते. आणि गंमत म्हणजे तोंडात बघत नव्हते, माईंच्या डोळ्यांत बघत होते. मग माई काहीतरी म्हणाल्या आणि आप्पा मान मागे टाकून हसले, सगळे स्वतःचे दात दाखवून.

काय म्हणाल्या ते मी गडग्यावरून पुढे वाकून, कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. काही ऐकू आलं नाही. खिडक्या फार छान बसल्या होत्या.